आमचा रविवार सोमवारी

आमचा रविवार सोमवारी येतो.
सोमवारी सांगलीत चिकन मोमो फारसं कुणी खात नाही,
मग बुवा गाडीवर निळी ताडपत्री घालतात,
दोरीला तीन गाठी, चौथी उगाच.
(आम्ही वडिलांना बुवा म्हणतो.
कीर्तन करतात का, हे वर्गात विचारून झालंय.)
माझ्या पोटदुखीचा वार
कुंभोजकर बाईंना पाठ आहे.

एका स्कूटीवर चौघं.
पुढं सुजल उभा, मागं आई,
मधे मी, मांडीवर डबा, डब्यावर हनुवटी.
हरिपूरच्या रस्त्यावर चिंचा दोन्हीकडून आल्या की
आई प्रत्येक वेळी मान खाली घालते,
फांद्या चार हात वर असल्या तरी.
तिच्या माहेरचं दार बुटकं होतं म्हणे.

संगमावर एकीकडून कृष्णा, एकीकडून वारणा.
थोडा वेळ दोघींचे रंग वेगळे दिसतात.
यावर निबंधात चार ओळी सहज बसतील,
परका मुलुख, एकच प्रवाह वगैरे.
मी चिंचेचा आकडा चोखत बसले.

बुवा नदीकडं संशयानं बघतात.
आमच्या अछामातली नदी रात्रभर दगडांशी भांडते,
तिच्या काठची माणसं ओरडूनच बोलतात,
म्हणून बुवांचा आवाज असा.
ही गप्प.
"एवढी गप्प म्हणजे हिच्या पोटात काहीतरी आहे."
आहेच. मगर. तशी पाटीही लावलीय.
सुजलनं आजवर
एक ओंडका, एक टायर आणि एका म्हशीचं नाक
एवढ्या मगरी पाहिल्यात.

आईनं वर्तमानपत्रावर भडंगाचा ढीग ओतला,
वर कांदा, लिंबू,
आणि मामानं पुडीतून पाठवलेला टिमूर,
दोन दगडांत चुरडून.
टिमूर खाल्ला की जीभ आधी लाजते,
मग झिणझिणते,
मग ती आपली नसतेच.

शिदगोंडा आण्णा हळद शिजवायचं सोडून आले,
हात कोपरापर्यंत पिवळे.
"काय मंडळी, आज सुट्टी?"
आईनं ओंजळ पुढं केली.
चावले. थांबले.
गाल जागेवर आहे का, चाचपून पाहिला.
"अगं माझे आई, जीभ झोपली की गं माझी!"
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले,
मग म्हणाले, "अजून द्या जरा."
जाताना ओली हळद ठेवून गेले, मातीसकट.
आई ती हुंगत राहिली.
आल्यासारखी, पण आलं नाही.
मोमोत घालून बघायचं म्हणते.
बुवा नको म्हणतील.

नको म्हणायला बुवा जागे नव्हते.

चिंचेखाली, चपला उशाला.
मी त्यांना झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं.
मी झोपल्यावर ते येतात,
उठते तेव्हा कोबी चिरत असतात.
झोपेतही उजवं मनगट मधूनच हलत होतं,
कढई उडवावी तसं.
आईनं ते धरलं.
थांबलं. पुन्हा हललं.
तिनं सोडून दिलं.

ऊन पाण्यावरून पलीकडच्या उसात गेलं.
देवळात कुणी घंटा वाजवली, दोनदा.
आम्ही बुवांना उठवलं नाही.
सुजलनंसुद्धा नाही,
आणि त्याला तर तेव्हा खरीच दिसली असावी,
कारण तो पळत आला, तोंडावर एक हात दाबून,
आणि दुसऱ्यानं दाखवत राहिला,
केवढी, केवढी.

अंधारता अंधारता बुवा दचकून उठले.
"कहाँ हो यो?"
मला वाटलं आई सांगेल. आईला वाटलं मी.
सुजल म्हणाला,
"हरिपूर, बुवा. मगर गेली."

परत चौघं. चिंचा. आईची मान.
डब्यात आता हळदीचा खडखडाट.
विश्रामबागचे दिवे आले तरी
माझी जीभ
अजून परत आली नव्हती.